हातच्या कांकणाला आरसा

'हातच्या कांकणाला आरसा कशाला?' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. जी गोष्ट डोळ्यांसमोर धडधडीत उघड आहे, ती पटविण्यास निराळा पुरावा नको, हा तिचा अर्थ. परंतु एक क्षेत्र असे आहे की, तेथे एखादी गोष्ट 'उघड' होती किंवा नव्हती, ह्याच एका प्रश्नावर वर्षानुवर्षे कज्जे चालतात आणि मोठमोठ्या न्यायाधीशांचीही मते एकमेकांशी जुळत नाहीत. ते क्षेत्र म्हणजे पेटंटांचे. सरकारी मराठीत पेटंटास 'एकस्व' म्हणतात. पण बोलण्यात रुळलेला पेटंट हाच शब्द मी वापरणार आहे.

मी कायदेपंडित नव्हे, इंजिनियरही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना गणित व भाषा शिकवीत आयुष्य घालविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहे. मग ह्या विषयाच्या वाटेस मी का गेलो, हे प्रथम सांगितले पाहिजे.

दोन महिन्यांमागे माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. शाळा सोडल्यावर तो एका लहानशा कारखान्यात फिटर झाला. त्याचे वडील हातगाडी ओढीत. चढावर दम घ्यावयाचा झाल्यास ते गाडीच्या चाकामागे एक दगड लावीत. तो दगड दोरीने गाडीलाच बांधलेला असे. मुलाने हातगाडीसाठी एक ब्रेक तयार केला. गाडीची मूठ दाबून धरली म्हणजे ब्रेक सुटतो आणि हात काढला की आपोआप लागतो. शिवाय तो लागताना चाकामागे लोखंडाची एक पाचर उतरते. गाडी मागे सरू लागली की चाक त्या पाचरीवर चढते आणि स्वतःच्याच भाराने अडते. पुन्हा निघताना गाडी बोटभर पुढे ढकलली की पाचर मोकळी होते व स्प्रिंगेने वर उचलली जाते. ह्या रचनेचे पेटंट त्याने मागितले. परीक्षणात आक्षेप निघाला की, ही रचना त्या कामातील जाणत्या माणसास उघड आहे. तो कागद माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, चार वर्षे मी ह्यात घातली. हे जर उघड होते, तर माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे दगड का उचलला?"

मला तत्काळ उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे वाचले आणि मनाशी पडताळून पाहिले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

पेटंट म्हणजे समाज आणि शोधक ह्यांच्यामधील एक करार होय. शोधकाने आपली युक्ती गुप्त न ठेवता कागदावर सविस्तर लिहून द्यावी. त्याबद्दल समाजाने ठराविक मुदतीपर्यंत ती वापरण्याचा एकाधिकार त्यास द्यावा. आपल्या देशात आज ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. असा पहिला कायदा आपल्याकडे १८५६ साली झाला, आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या द पेनिंग नावाच्या इंजिनियराने जो पहिला अर्ज केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्राविषयीचा होता.

ह्या करारात समाजाची एक रास्त अट असते. जे लोकांच्या हाती आधीच आहे, किंवा कोणताही कसबी कारागीर गरज पडताच सहज करील, त्यावर कोणी कुंपण घालू नये. अशा कुंपणास अनुमती मिळाली, तर गल्लीतल्या लोहारास आणि सुतारास आपले रोजचे काम करतानाही कोणाची तरी परवानगी मागावी लागेल. उलट, पारख करणारा फार कठोर झाला आणि प्रत्येक युक्तीस 'ह्यात काय मोठेसे?' म्हणू लागला, तर कष्टाने शोध लावणारा उपाशी राहील व पुढे शोध लावण्याच्या फंदात कोणी पडणार नाही. म्हणून रचना नवी असून भागत नाही. ती त्या धंद्यातील जाणत्या माणसास उघड नसली पाहिजे, असे आपला कायदा म्हणतो.

हा विचार कोर्टात स्पष्टपणे प्रथम मांडला गेला तो दरवाजाच्या मुठीवरून. अमेरिकेत पूर्वी दरवाजाच्या मुठी लाकडाच्या किंवा धातूच्या असत. काही जणांनी त्या चिनी मातीच्या केल्या आणि पेटंट घेतले. मुठीत धातूचा दांडा बसविण्याची जी तऱ्हा होती, ती जुनीच होती. चिनी मातीची मूठ स्वस्त होती आणि टिकाऊही होती. तथापि १८५१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, एका पदार्थाच्या जागी दुसरा चांगला पदार्थ निवडणे हे कुशल कारागिराचे काम आहे, शोधकाचे नव्हे. धंद्याची माहिती असलेल्या सामान्य कारागिराकडे जेवढे कसब व बुद्धी असते, तिच्याहून काही अधिक ह्या कामात दिसले पाहिजे. एका न्यायाधीशाचे मत निराळे पडले. वस्तू नवी आहे, पूर्वीहून चांगली व स्वस्त आहे, मग आणखी काय हवे, असा त्यांचा रोख होता. ह्या मतभेदातील मर्म ध्यानात घ्यावे. वस्तू उपयुक्त असणे एक आणि ती सुचण्यास अवघड असणे दुसरे. आपले मन ह्या दोहोंची नेहमी गल्लत करते.

आता पारख करावयाची कशी? पुढे १९५२ साली अमेरिकेने ही अट कायद्यातच घातली आणि १९६६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिची पायरीवार मांडणी केली. तो खटला नांगराचा होता. खडकाळ जमिनीत नांगराचा फाळ दगडावर आपटला की मोडतो. म्हणून फाळाचा दांडा बिजागरीवर बसवून त्यास स्प्रिंग लावीत. दगड लागताच दांडा वर उचलला जाई व दगड ओलांडल्यावर पूर्ववत खाली येई. ग्रॅहम नावाच्या गृहस्थांनी ह्या जोडणीचे एक पेटंट घेतले होते. नंतर त्यांनी दुसरे घेतले. त्यात बिजागरीच्या पट्टीच्या वर असलेला दांडा पट्टीच्या खाली नेला आणि कडी व बोल्ट ह्यांनी तो तिच्याशी जखडला. जो भाग बदलणे जिकिरीचे होते, त्याची झीज ह्यायोगे वाचली. ह्या दुसऱ्या पेटंटाविषयी एका अपील न्यायालयाने ते खरे ठरविले होते, तर दुसऱ्याने खोटे. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ते उघड म्हणून रद्द केले.

त्या निकालातील पायऱ्या शाळेतील मुलासही समजतील अशा आहेत. पहिली, त्या तारखेपूर्वी लोकांस काय काय माहीत होते ते पाहा. दुसरी, पूर्वीचे आणि नवे ह्यांत नेमका फरक किती, तो काढा. तिसरी, त्या धंद्यातील सामान्य जाणत्या माणसाची योग्यता किती धरावयाची, ते ठरवा. एवढे झाल्यावर विचारा की, तो फरक अशा माणसास उघड होता काय? जोडीस काही बाहेरचा पुरावाही पाहता येतो. गरज दीर्घकाळ भासत होती काय, इतरांनी प्रयत्न करून हात टेकले होते काय, वस्तू बाजारात येताच लोकांनी ती उचलून धरली काय, इत्यादी.

ह्या सर्वांच्या आधी एक काम असते व घाईत तेच राहून जाते. अर्जदाराने आपला हक्क कोणत्या शब्दांत मागितला आहे, ते शब्दशः वाचले पाहिजे. पेटंटाच्या कागदात शेवटी क्रमांक घालून दावे लिहिलेले असतात. पारख त्या दाव्यांची करावयाची. यंत्राच्या चित्राची नव्हे, की शोधकाच्या श्रमांची नव्हे. नांगराच्या खटल्यात असे झाले की, नव्या जोडणीने दांड्यास लवचिकपणा येतो, हा गुण वकिलांनी मागाहून पुढे केला; पेटंट कचेरीपुढे तो मुद्दा मांडलेलाच नव्हता. न्यायालयाने त्यास फारसे महत्त्व दिले नाही.

पूर्वीचे ज्ञान म्हणजे केवळ छापील ग्रंथ, असेही नाही. शीड लावलेल्या फळीवर उभे राहून पाण्यावरून घसरत जाण्याचा एक खेळ आहे. तशा फळीच्या पेटंटावरून इंग्लंडात खटला झाला. तेव्हा असे सिद्ध झाले की, १९५८ साली एका बारा वर्षांच्या मुलाने अशीच फळी स्वतः बनवून समुद्रकाठी सर्वांदेखत चालविली होती. त्याच्या फळीवरचा आडवा दांडा सरळ होता आणि पेटंटातील कमानदार होता, एवढाच काय तो भेद. तेथील अपील न्यायालयाने ते पेटंट टिकू दिले नाही. पोराचा खेळ म्हणून कायद्याने तो बाजूस सारला नाही.

आपल्या देशात ह्या विषयावरील सर्वांत अधिक आधार घेतला जाणारा निकाल भांड्यांचा आहे, ही गोष्ट आपल्या घरांतील मंडळींना रुचेल. पुण्याच्या तांबट आळीतील ठोक्यांचा नाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना धातूच्या भांड्यामागील मेहनत सांगावयास नको. उत्तरेत मिर्झापूर हे पितळी भांड्यांचे गाव. तेथे भांडे लेथवर चढवून, फिरवून, कातून साफ करीत. पण फिरता फिरता भांडे सुटून उडे आणि कारागिरास इजा होण्याचे भय असे. एका कारखानदार पेढीने १९५१ साली भांडे घट्ट धरण्याच्या साधनाचे पेटंट मागितले. लेथच्या एका टोकास भांड्याच्या आकाराचा आधार आणि दुसऱ्या टोकाकडून दाब देणारा दांडा, ह्यांच्या कैचीत भांडे धरावयाचे, असे त्याचे सार होते. दुसऱ्या एका पेढीने तीच तऱ्हा वापरली व तंटा उभा राहिला.

हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९७८ सालच्या डिसेंबरात मिटला. 'विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज' ह्या नावाने तो प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती सरकारिया ह्यांच्या निकालपत्राचा मथितार्थ असा: लेथवर वस्तू दोन टोकांमध्ये दाबून धरणे ही कित्येक दशकांची जुनी युक्ती आहे, ती भांड्यांच्या कामास थोड्या फरकाने लावणे ही कारखान्यातील नित्याची सुधारणा झाली, कसबी कारागिराच्या आवाक्याबाहेरचे असे तिच्यात काही नाही. पेटंट रद्द झाले. कारागिराचा धोका कमी झाला होता, काम सुबक व जलद होत होते, हे पेढीचे म्हणणे होतेच. पण दरवाजाच्या मुठीप्रमाणेच येथेही उपयुक्तता पुरी पडली नाही.

ह्यावरून कोणी असा ग्रह करून घेईल की, जुन्या भागांची जुळणी केली की ती उघडच. तसे नाही. आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे की, माहीत असलेली साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपले जुने काम आपल्यापुरते करीत राहिले, तर तो शोध नव्हे. आपल्या स्वयंपाकघरातील विळी पाहा. तिच्या टोकास नारळ खवण्याची खवणी असते. सोय मोठी, पण पाते चिरते आणि खवणी खवते, एकीचे दुसरीस साहाय्य नाही. अशा जोडणीस कायदा शोध म्हणणार नाही.

ह्याच्या उलट उदाहरण म्हणजे आपल्या शेतांच्या कडेस दिसणारी काटेरी तार. अमेरिकेच्या विस्तीर्ण माळरानावर कुंपणास लाकूड नाही, दगड नाही; आणि साध्या तारेस गुरे जुमानीत नाहीत. काटेरी तारेची कल्पना अनेकांना सुचली होती. १८६८ साली केली नावाच्या गृहस्थाने पत्र्याचे अणकुचीदार तुकडे भोक पाडून तारेत ओवले होते व जोडीस दुसरी तार पिळण्याचेही सुचविले होते. मग इलिनॉय प्रांतातील ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ साली काय केले? पत्र्याऐवजी तारेचाच लहान तुकडा घेऊन मुख्य तारेभोवती त्याचा वेढा दिला, त्याची टोके काट्यांसारखी बाहेर ठेवली आणि दुसरी तार पिळून तो वेढा जागच्या जागी आवळला. फरक केवढा? पत्र्याच्या जागी तार! दरवाजाच्या मुठीहून ह्यात अधिक ते काय, असे कोणीही म्हणेल. परंतु १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे पेटंट ग्राह्य मानले. पूर्वीच्यांनी खटपट केली होती, पण कार्य सिद्धीस गेले ते ह्या शेवटच्या पावलाने. आणि ते पडताच ही तार देशभर पसरली, ह्यास न्यायालयाने महत्त्व दिले. येथे वेढा, काटा आणि पीळ ही तिन्ही एकमेकांस धरून काम करतात. एक काढा, की बाकीची दोन निकामी होतात. फरक लहान की मोठा हे गजाने मोजता येत नाही, हा ह्यातील धडा.

आता मी मूळ अडचणीकडे येतो. परीक्षकाने असो, न्यायाधीशाने असो, निर्णय नेहमी उत्तर कळल्यानंतर द्यावयाचा असतो. आणि उत्तर कळलेल्या माणसास प्रश्न सोपा वाटतो. शाळामास्तरास हे दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. पण मलाच ते उशिरा कळले.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते, हे सिद्ध करण्यास मी वर्गात सांगितले होते. सिद्धता अद्याप शिकविली नव्हती. एका मुलाने बराच वेळ कागद खरडून अखेर शिरोबिंदूतून पायाशी समांतर अशी एक रेषा काढली. ती रेषा काढली की पुढे काहीच उरत नाही. सारे कोन आपोआप एका ओळीत येऊन बसतात. मुलगा फुललेल्या चेहऱ्याने वही घेऊन आला. मी वहीकडे पाहून म्हणालो, "हो, हे उघडच आहे," आणि पुढच्या मुलाकडे वळलो. मला ती रेषा वीस वर्षे माहीत होती. त्याला ती त्या दिवशी आकाशातून उतरल्यासारखी दिसली होती. त्यानंतर भूमितीच्या तासास त्याने हात वर केलेला मला स्मरत नाही. मी त्याचे गुण कापले नव्हते. पण त्याचे जे होते ते त्यास दिले नाही, एवढे खरे.

पेटंटाची पारख करणाऱ्याचा मुख्य शत्रू हाच पश्चात्‌बुद्धीचा दोष होय. त्यावर उपाय एकच. उत्तराचे पान झाकावे, अर्जाच्या तारखेच्या आदल्या दिवशी मनाने जाऊन उभे राहावे आणि तेव्हा जे ज्ञान होते तेवढेच हाती घेऊन प्रश्नाकडे पाहावे. युरोपच्या पेटंट कचेरीत ह्यासाठी एक सुंदर कसोटी लावतात, आणि ती व्याकरणाची आहे म्हणून मला विशेष आवडली. जाणत्या कारागिरास हे 'करता आले असते काय', असे विचारावयाचे नाही. त्याने हे 'केले असते काय', असे विचारावयाचे. करता तर पुष्कळ येते. त्या मुलाच्या हाती पट्टी व पेन्सिल होती, म्हणजे त्रिकोणात हव्या तितक्या रेषा त्यास काढता आल्या असत्या. तीच रेषा काढण्यास त्यास कोणते कारण होते, हा खरा प्रश्न. पूर्वीच्या ज्ञानात त्या दिशेस नेणारा काही इशारा, काही गरज, काही रूढ वाट होती काय? असेल, तर पाऊल उघड. नसेल, तर नुसते सर्व भाग बाजारात मिळत होते म्हणून ते उघड ठरत नाही.

मात्र ह्या दयेचाही अतिरेक नको. २००७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मोटारीच्या पायपट्टीचा, म्हणजे अॅक्सिलरेटरच्या पेडलचा खटला आला. चालकाच्या उंचीप्रमाणे पुढेमागे सरकणारे पेडल जुने होते. पेडल किती दाबले ते विजेच्या संकेताने कळविणारे साधनही जुने होते. दोहोंची जोडणी, आणि ते साधन न हलणाऱ्या खिळीपाशी बसविणे, एवढ्यावर पेटंट होते. न्यायालयाने ते उघड ठरविले. सारा मोटारधंदा तारेच्या ओढीकडून विजेच्या संकेताकडे वळत होता. अशा वेळी कोणीही जाणता माणूस हीच जोडणी करता. कुठल्या पुस्तकात 'ह्या दोन वस्तू जोडा' असे अक्षरशः लिहिलेले असलेच पाहिजे, असा हट्ट धरू नये. कारागिरासही सामान्य कल्पकता असते, तो काही कळसूत्री बाहुली नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

एवढे समजून घेतल्यावर मी माझ्या विद्यार्थ्यास पुन्हा बोलाविले. आम्ही त्याचे दावे एकेक करून वाचले.

पहिला दावा असा होता: मूठ सोडताच लागणारा व दाबताच सुटणारा, हातगाडीचा ब्रेक. विमानतळावरील सामानाच्या ढकलगाड्या आपणांपैकी अनेकांनी हाताळल्या असतील. दांडी दाबल्यावाचून त्या पुढे सरत नाहीत. तीच तऱ्हा मालाच्या हातगाडीस लावणे म्हणजे मिर्झापूरच्या भांड्याची गत. मी म्हणालो, "बाळ, हा सोड. हा तुझा नव्हे. आणि तो तुला मिळाला, तर उद्या दुसऱ्या एखाद्या फिटरच्या हातात बेडी पडेल." त्यास वाईट वाटले. मलाही वाटले. परंतु आपल्या माणसासाठी एक माप आणि परक्यासाठी दुसरे, असे करता येत नाही.

दुसरा दावा पाचरीचा. आक्षेपाच्या कागदात ढकलगाडीचे जे दाखले होते, त्यांत पाचर कोठे नव्हती. प्रथम माझ्याही मनात आले की, हा तर वडिलांचा दगडच दोरीऐवजी तरफेला बांधला! आणि त्याच क्षणी मला ती भूमितीची वही आठवली. दगडाची आठवण मला झाली ती पाचर पाहिल्यावर. ढकलगाडीचा ब्रेक सुधारू पाहणारा माणूस स्प्रिंग अधिक कडक करील, ब्रेकचे रबर बदलील. तो दगडाकडे वळला असता असे मानण्यास कारण काय? शिवाय दगड काढावयास वाकावे लागते. येथे गाडी पुढे ढकलणे आणि अडसर निघणे ही एकच क्रिया आहे. चाक, पाचर व मूठ येथे एकमेकांस धरून काम करतात. आणि हा गुण त्याने अर्जात पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहिला होता. विरुद्ध पक्षही दुबळा नाही. चाकामागे अडसर लावण्याची रीत जगात सर्वत्र आहे, तिला यंत्राची जोड देणे कितीसे अवघड, असे कोणी म्हणेल, आणि त्यास पुराव्यानेच उत्तर द्यावे लागेल. म्हणून मी त्यास सांगितले की, चार वर्षांतील फसलेले नमुने, त्यांच्या तारखा आणि ते का फसले ह्याची कारणे नीट मांड. मनातील कळवळा उत्तरात लिहू नकोस.

राहता राहिला त्याचा पहिला प्रश्न. हे उघड होते, तर वडिलांनी चाळीस वर्षे दगड का उचलला? दीर्घकाळची गरज हा कायद्याने मान्य केलेला पुरावा आहे, हे मी आपणांस सांगितलेच. पण त्या पुराव्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: जाणते लोक ती गरज भागविण्याची खटपट करीत होते व त्यांना यश येत नव्हते. काटेरी तारेसाठी अनेक जण झटले, कारण तिला गिऱ्हाईक होते. हमालाच्या दगडासाठी कोण झटले? तो दगड चाळीस वर्षे राहिला, ह्याचे कारण युक्ती अवघड होती हे असेल. किंवा तिकडे कोणी पाहिलेच नाही, हेही असेल. पेटंटाचा कायदा ह्या दोहोंतील पहिल्या कारणाचे मोल देऊ शकतो, दुसऱ्याचे नाही. हे मी त्यास सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला व मग म्हणाला, "म्हणजे गुरुजी, कोणी पाहिलेच नाही, हेही मला पुराव्यानेच खोडून काढावे लागणार." मी म्हणालो, "होय."

त्याचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. त्याने पहिला दावा काढून टाकला आहे आणि दुसऱ्यासाठी आठ फसलेल्या नमुन्यांची हकीकत लिहून पाठविली आहे. ती त्याने मला वाचून दाखविली. मी फक्त शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोड्यांवर पेटंटाची पारख करण्याची वेळ येईल. परंतु घरात मुलाने, सुनेने, शेजाऱ्याने किंवा हाताखालच्या माणसाने एखादी नवी तोड काढली म्हणजे 'त्यात काय, हे उघडच आहे' हे वाक्य आपल्या जिभेवर तयार असते. ते उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबून, काल आपल्याला ते सुचले होते काय, एवढे स्वतःस विचारावे. कांकण हातात दिसते आहे खरे. ते काल हातात होते काय, हे पाहण्यासाठी मात्र आरसा लागतो.